६.५×५५ घेऊन मूसच्या शिकारीचा एक मोसम: वापरानंतरचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते. वसंतात घेतलेली ६.५×५५ची रायफल (म्हणजे साधारण ६.५ मिलिमीटर जाड गोळीचं, ५५ मिलिमीटर लांब नळकांड्याचं काडतूस; हेच तिचं कॅलिबर) मी उन्हाळाभर रेंजवर आणि मग सप्टेंबरपासून पहिला बर्फ टिकेपर्यंत जंगलात वापरली. मूससाठी हे कॅलिबर पुरतं, हे आता खात्रीने सांगते. मात्र काही अटींवर पुरतं, आणि त्या अटी दुकानात कोणी नीट समजावून सांगत नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी राहते स्वीडनच्या यॅम्टलँडमध्ये. आपल्याकडे रायफल म्हटलं की कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे आठवतो, २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटरमध्ये कांस्य मिळवणारा. त्या स्पर्धेतली गोळी .२२ची (म्हणजे सुमारे ०.२२ इंच जाड), जेमतेम अडीच ग्रॅमची; मूसपुढे ती काहीच नाही. मूस म्हणजे जगातलं सर्वांत मोठं हरीण. इथला पूर्ण वाढीचा नर चारशे-पाचशे किलो भरतो आणि त्याचा खांदा उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर जातो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ थांबली आणि ते योग्यच झालं. इथली परिस्थिती निराळी आहे. मूस पाइनचे कोवळे कोंब खाऊन लागवडीचं नुकसान करतात, रस्त्यावर गाड्यांना आडवे येतात. १९८२ मध्ये देशभरात पावणेदोन लाखांच्या आसपास मूस मारले गेले होते. आता आकडा त्याच्या निम्म्याहूनही खाली आहे, आणि कुठे किती मारायचे हे भागवार आधीच ठरलेलं असतं.

कॅलिबर निवडताना पहिली चाळणी कायद्याची. मी शिकारीची परीक्षा दिली तेव्हा जो नियम पाठ केला तो असा: मूससाठी गोळी फुलणारी, म्हणजे आत शिरल्यावर पुढून रुंद होणारी हवी. ती ९ ग्रॅमची असेल तर १०० मीटरवर तिच्यात किमान २७०० ज्यूल ऊर्जा उरली पाहिजे. १० ग्रॅम किंवा जास्त असेल तर २००० ज्यूल चालतात. ६.५×५५चं सगळं गणित या १० ग्रॅमच्या रेषेवर उभं आहे. याच काडतुसात १४० ग्रेनची, म्हणजे ९ ग्रॅमच्या थोडी वरची गोळी मिळते, पण बाजारातल्या बहुतेक पेट्या २७०० ज्यूलपर्यंत पोचत नाहीत. १५६ ग्रेनची गोळी १०.१ ग्रॅम भरते, १०० मीटरवर तिच्यात साधारण २४०० ज्यूल उरतात, आणि ती नियमात आरामात बसते. तेव्हा ६.५ घ्यायची तर मूससाठी १५६ ग्रेन, हे पक्कं धरा. पेटीवर हरणाचं चित्र आहे म्हणून काहीही उचलू नका.

माझ्यासमोर खरे पर्याय तीन होते: ६.५×५५, .३०८ विंचेस्टर आणि ९.३×६२. .३०-०६ मी बाजूला ठेवली, कारण जंगलात शंभर मीटरच्या आतून बार करताना ती .३०८पेक्षा फार वेगळं काही करत नाही आणि खांद्याला धक्का मात्र जास्त देते. ६.५×५५ हे १८९४चं, स्वीडन आणि नॉर्वेने मिळून लष्करासाठी स्वीकारलेलं काडतूस. पुढे लष्कराच्या जुन्या माउझर रायफली शिकाऱ्यांच्या हाती आल्या आणि ते घराघरांत पोचलं. ९.३×६२ बर्लिनच्या ओटो बॉक या बंदूककाराने १९०५च्या सुमारास काढलं. त्याची १८.५ ग्रॅमची गोळी १०० मीटरवर ३८०० ज्यूलच्या आसपास घेऊन पोचते. .३०८ या दोघांच्या मधोमध, १८० ग्रेनच्या गोळीला जवळपास २९०० ज्यूल.

आमच्या गटातले बहुतेक जुने शिकारी ९.३वाले. मी ६.५ घेणार म्हटल्यावर एक आजोबा प्रेमानेच म्हणाले, "बरोबर आहे, बायकांना तीच बरी." त्यांचा आदर ठेवूनही हे मला पटत नाही. रेंजवर मी चांगले दणकट गडी ९.३च्या आधी डोळे मिटताना पाहिलेत. सारख्याच वजनाच्या रायफलीत ९.३×६२चा धक्का ६.५च्या दुपटीहून जास्त बसतो. चाप ओढण्याच्या क्षणी अंग आपसूक आवळलं की गोळी खाली किंवा बाजूला जाते, मग खांदा कोणाचाही असो. सायलेन्सर लावला की धक्का बराच कमी होतो आणि इथे तो सर्रास वापरतात, पण त्याने नळी लांब होते, पुढून जड होते आणि दाट झाडीत अडकते.

मी घेतली टिक्का टी३एक्स, सिंथेटिक दस्त्याची, बोल्टची, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने दांडा फिरवून पुढची गोळी भरायची. दुर्बिणीसह चार किलोच्या आत. बोल्ट लोण्यासारखा फिरतो, चाप न अडखळता सुटतो. रायफलीबद्दल एवढं बास, कारण या किमतीतल्या आजच्या बहुतेक रायफली नेमाच्या बाबतीत शिकाऱ्यापेक्षा चांगल्याच असतात.

खरा फरक उन्हाळ्यात कळला. इथल्या रेंजवर ८० मीटरवर मूसचं पूर्ण आकाराचं लाकडी चित्र रुळावरून पळतं. एक बार ते उभं असताना, पुढचा पळताना, असा क्रम. पळत्या चित्रावर नेम धरणं हे वाचून येत नाही, त्याला काडतुसं जाळावी लागतात. ६.५ची सरावाची काडतुसं ९.३पेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि संध्याकाळभर झाडूनही खांदा दुखत नाही. त्यामुळे मी आठवड्यागणिक जात राहिले. गटातले ९.३वाले परीक्षेपुरते दोन-चार बार काढून घरी जायचे. ऑगस्ट संपेपर्यंत माझ्या गोळ्या पळत्या चित्राच्या छातीच्या वर्तुळात नेमाने पडू लागल्या होत्या. या कॅलिबरचं सर्वांत मोठं मोल मला इथेच दिसलं.

आमच्या भागात मोसम सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होतो आणि माजाच्या दिवसांत मध्ये खंड पडतो. सकाळी सगळे जमायचं, गटप्रमुखाने काय मारायचं ते सांगायचं, चिठ्ठ्या टाकून जागा वाटून घ्यायच्या आणि मग आपापल्या मचाणावर किंवा झाडाच्या बुंध्याशी गप्प बसायचं. हाकारे नसतात, त्यांच्या जागी कुत्रा. यॅम्टहुंड नावाचा इथलाच राखाडी कुत्रा मूसला गाठून एका जागी उभा करतो आणि भुंकत राहतो. नियम असा की माय आणि पिल्लू एकत्र असतील तर आधी पिल्लू, माय नंतर.

माझा पहिला बार अशाच पिल्लावर झाला. अंतर साठेक मीटर, पिल्लू पूर्ण आडवं, पुढच्या पायाच्या किंचित मागे नेम. बार झाला आणि पिल्लाने काही दाखवलंच नाही. मान वर, दोन पावलं, थांबलं, पुन्हा चालू लागलं. वाचून माहीत होतं, तरी छातीत धस्स होतं. फुप्फुसातून गोळी गेलेला मूस उभा राहू शकतो, चालू शकतो, कारण तो पडतो रक्तदाब उतरल्यावर, गोळीच्या ठोशाने नाही. अशा वेळी जनावर उभं आहे तोवर दुसरा बार टाकायचा, अशी इथली शिकवण. बोल्ट फिरवून मी दुसरी गोळी तशीच घातली, आणि इथे हलका धक्का पुन्हा कामाला आला: दुर्बिणीतून पिल्लू एकदाही निसटलं नव्हतं. तीसेक पावलांवर ते आडवं झालं. उघडल्यावर दोन्ही फुप्फुसांतून दोन वाटा गेलेल्या दिसल्या. पहिली गोळी एकटीही पुरली असती, पण त्या क्षणी ते मला कळायला मार्ग नव्हता.

जी गोष्ट मला आधी कागदावर कळली होती ती मी इथे डोळ्यांनी पाहिली. ६.५ची १५६ ग्रेनची गोळी बारीक असली तरी लांब आहे. आपल्या जाडीच्या मानाने तिचं वजन खूप आहे. शिकाऱ्यांच्या भाषेत सेक्शनल डेन्सिटी ०.३२०; .३०८च्या १८० ग्रेनची ०.२७१. त्यामुळे वेग मध्यम असूनही ती खोलवर शिरते. मी वापरली ती नॉर्माची ओरिक्स. तिच्यात शिशाचा गाभा तांब्याच्या कवचाला जोडलेला असतो, त्यामुळे फुलते पण फुटून विखरत नाही. मऊ, न जोडलेल्या गाभ्याची स्वस्त गोळी हाडावर आदळून चुरा झालेली मी गटात पाहिली आहे, तीही .३०-०६ची. कॅलिबरवर तासन्‌तास वाद घालणारे लोक गोळीच्या बांधणीवर पाच मिनिटंही बोलत नाहीत, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता अटी. पहिली, कोन. ऑक्टोबरात एक तरुण नर माझ्यासमोर आला, चाळीस मीटरवर, पण पाठ अर्धी माझ्याकडे करून. ९.३वाल्या शेजाऱ्याने कदाचित बार केला असता. त्याच्या गोळीत पोटातून तिरकं छातीपर्यंत जायची ताकद आहे. मी थांबले. नर वळला नाही, निघून गेला. ६.५ घेतली की असे प्रसंग सोडावे लागतात, आणि ते सोडायची मनाची तयारी नसेल तर हे कॅलिबर घेऊ नका.

दुसरी अट, रक्ताचा माग. मोठ्या मूसमध्ये ६.५ची गोळी कधी कधी पलीकडच्या कातडीखालीच थांबते. बाहेर पडायचं भोक नसलं की रक्त छातीतच साचतं आणि जमिनीवर फारसं काही सांडत नाही. ब्लूबेरीच्या लालबुंद पानांत दोन थेंब शोधणं किती जड जातं ते इथल्या शरद ऋतूत उभं राहिल्याशिवाय समजत नाही. ९.३ बहुतेकदा आरपार जाते आणि मागे ठळक माग ठेवते. जखमी मूस गेला तर दोन तासांच्या आत माग काढणारा कुत्रा जागेवर आणता आला पाहिजे, हा इथला नियम. आमच्या गटात तो कायम हजर असतो. तुमच्या गटात कुत्र्याची सोय लांबची असेल तर मोठ्या कॅलिबरचा विचार जरूर करा.

तिसरी गोष्ट अट नाही, गैरसमज आहे. "जड गोळी फांद्या कापत जाते" हे मला प्रत्येक कॉफीच्या वेळी ऐकावं लागलं. कोणतीही फुलणारी गोळी फांदीला लागली की तिचा मार्ग बिघडतो, कमी-जास्त इतकंच. मूसच्या अलीकडे काही मीटरवर बर्चची डहाळी आडवी असेल तर ९.३वाल्यानेही थांबायला हवं.

आणि नेम वर जाणं. मूसच्या खांद्यावर जो उंचवटा दिसतो तो मणक्याच्या लांब काट्यांचा, त्याच्या आत फुप्फुस नाही. खरा कणा वाटतो त्यापेक्षा बराच खाली असतो. त्यामुळे नजरेला अंगाचा मध्य वाटतो तिथे नेम धरला तर गोळी वरच्या बाजूला लागते. छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर धरायचं. ही एक गोष्ट कोणत्याही कॅलिबरपेक्षा जास्त मूस वाचवते, म्हणजे जखमी होऊन भटकण्यापासून वाचवते.

मांसाबद्दल, कारण शेवटी ते घरी येतं. संथ, जड गोळीने मांस कमी नासतं. माझ्या पिल्लाच्या बरगडीभोवती हाताच्या तळव्याएवढाच भाग काळानिळा पडला होता. धड टांगून ठेवायचं, रोजच्या तापमानांची बेरीज चाळीस अंश होईपर्यंत, म्हणजे चार अंशांत दहाएक दिवस. मग कापणी. पिल्लाचं मांस कोवळं, चरबी नावाला. आईने पाठवलेल्या कांदा-लसूण मसाल्यात सुकं केलं तेव्हा गटातल्या त्या आजोबांनी तीनदा वाढून घेतलं. चरबी नसल्याने तेल थोडं सढळ घालावं लागतं, आणि रश्शापेक्षा सुकंच छान होतं.

एक बाब मात्र ६.५च्या विरोधात जाते, आणि पुढची काही वर्षं डोळ्यांसमोर ठेवून रायफल घेणाऱ्याने ती नीट ऐकावी: शिसं. मांसात शिशाचे बारीक कण राहतात म्हणून बरेच जण पूर्ण तांब्याच्या गोळीकडे वळताहेत, आणि युरोपात शिशावरचे निर्बंध वाढत आहेत. पाणथळ जागी शिशाचे छर्रे २०२३ पासून बंदच आहेत. तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढंच वजन हवं तर गोळी लांब करावी लागते, आणि ६.५मध्ये १० ग्रॅमची तांब्याची गोळी इतकी लांब होते की काडतुसात नीट बसत नाही आणि नेहमीच्या नळीचा पीळ (गोळीला गरगर फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा) तिला स्थिर ठेवायला कमी पडतो. .३०८मध्ये १०-११ ग्रॅमची तांब्याची गोळी सहज मिळते. घरात लहान मुलं मांस खाणार असतील आणि तांबंच वापरायचं ठरलं असेल, तर मी आज .३०८ सुचवेन.

अस्वलाच्या शिकारीलाही जाणार असाल, किंवा धावत्या कुत्र्यामागे स्वतः दाट झाडीत शिरून दहा-वीस मीटरवरून बार करायची सवय असेल, तर ९.३. पण मग उन्हाळ्यात तिचा धक्का सोसून सराव करायची तयारी ठेवा. मचाणावर बसून, शंभर मीटरच्या आत, आडवं उभं जनावर मिळेपर्यंत वाट पाहणाऱ्याला ६.५×५५ आणि १५६ ग्रेनची जोडलेल्या गाभ्याची गोळी, याहून जास्त काही लागत नाही. एकाच गोळीच्या दोन-तीन पेट्या एकदम घ्या, ८० मीटरवर रायफल त्याच गोळीवर लावा, आणि सरावाच्या स्वस्त गोळीवरून शिकारीच्या गोळीवर येताना कागदावर पुन्हा तपासा. माझ्या रायफलीत दोन्हींचे ठिपके चार बोटं अंतरावर पडतात.