रेनजॅकेटचा खिसा, एक नागद्वारी आणि तेरा महिने

वॉरंटी नाकारल्याचा मेल परवा आला, म्हणून लिहायला बसलो. नाहीतर आतापर्यंत चारचौघांत या जॅकेटची तारीफच करत होतो.

गेल्या वर्षी जूनमध्ये नागपुरात सीताबर्डीवरून ३,२०० रुपयांत घेतलं. १०,००० मिमीचं रेटिंग (कापड पाण्याचा किती दाब अडवतं त्याचं माप), शिवणींना आतून टेप, काखेत हवा खेळायला चेन. ऑफिसच्या वाटेवर त्याचा काही कस लागत नाही. सर जोरात आली की वर्धा रोडवर मेट्रोच्या पुलाखाली उभं राहायचं. कस लागला तो नागद्वारीला, म्हणजे पचमढीच्या डोंगरातल्या नागपंचमीच्या यात्रेला.

गणेशपेठहून एसटीनं सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत पचमढी, आणि पहाटे जलगलीपासून पायी. वाट व्याघ्र प्रकल्पातली, नागपंचमीच्या सुमारास दहाएक दिवसच उघडते, आणि ते दिवस पावसाचेच. पहिली चढण संपायच्या आत शर्ट ओला. दुकानदाराला मनात भरपूर शिव्या घातल्या. वाटेतल्या काजरीला टेकल्यावर चाचपून पाहिलं तर खांदे कोरडे, पाठ आणि काखा चिंब. पाऊस नव्हे, घाम! बाहेरची हवाच इतकी ओली, की कापडातून वाफ निघणार कुठून? काखेतल्या चेनी उघडल्या, अर्ध्या तासात जिवाला बरं वाटलं. शिव्या परत घेतल्या.

पण तो खिसा. छातीवरचा, वरून उघडणारा, झाकण जेमतेम दोन बोटांचं. लोखंडी शिडीवर हात वर केले की झाकण उचललं जातं आणि टोपीवरचं पाणी सरळ आत. कापड वॉटरप्रूफ, त्यामुळे आत गेलेलं पाणी बाहेर पडायचं नावच घेत नाही. चढताना छातीवर काहीतरी डुचमळतंय असं वाटत होतं. हात घातला तर फुटाणे पोहत होते. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत होता म्हणून वाचला. ज्यानं हा खिसा आखला तो कधी पावसात तासभर तरी चालला असेल काय?

मोठे मामा चाळीस रुपयांचं प्लास्टिक पांघरून, स्लीपर घालून पुढं. वळून म्हणाले, "काहून रे, तीन हजारात पाण्याची टाकी घेतली काय?" पुढच्या थांब्यावर त्यांनीच पेटत्या उदबत्तीनं खिशाच्या तळाला दोन भोकं पाडली. नायलॉन वितळून कडा अशा बसल्या की धागा सुटायची भीती नाही. रात्री आठपर्यंत चाललो, खिशात थेंब साचला नाही.

ऑक्टोबरपर्यंत बाहेरचं कापड पाणी प्यायला लागलं होतं. धुऊन, वाळवून, वर सुती फडकं ठेवून मंद इस्त्री फिरवली, तर थेंब पुन्हा घरंगळायला लागले. तेव्हा वाटलं, पैसे वसूल.

मग उन्हाळा. जॅकेट मार्च ते मे स्कूटरच्या डिक्कीत पडून राहिलं. पहिल्या पावसात घातलं आणि खांद्याच्या शिवणीची टेप सापाच्या कातीसारखी सुटून हातात आली. चूक माझीच, नागपुरातल्या ४५ अंशात, डिक्कीच्या बंद पेटीत कोणता गोंद टिकेल? कंपनीनं हेच कारण दिलं असतं तर मुकाट्यानं ऐकलं असतं. पण मेलमध्ये म्हणे, ग्राहकानं खिशाला छिद्रं पाडल्यामुळे वॉरंटी रद्द. अहो, फाटलंय काय, बघताय काय! तीनदा फोन केला. तीन वेगवेगळे लोक, तिघांचं उत्तर तेच, आणि तिघांनाही खिशात पाणी का साचतं ते ऐकायचं नव्हतं.

नवीन घेणार नाही. आमच्या चौकातला सीटकव्हरवाला दीडशे रुपयांत खांद्याला आतून पट्टी चिकटवून देतो म्हणाला. जॅकेट उलटंपालटं करून त्यानं विचारलं, "भाऊ, हे दोन भोकं पण बुजवून देऊ काय?"

त्याला म्हटलं, त्यांना हात लावू नको.