पार्कझोन रेडियन : जुन्या मोटर ग्लायडरची निगा आणि त्यातले बदल

पार्कझोनचे ‘रेडियन’ हे 2 मीटर पंखविस्ताराचे, रेडिओ नियंत्रणावर उडणारे मोटर ग्लायडर 2009च्या सुमारास बाजारात आले. पार्कझोन या नावाने ते आता नवे मिळत नाही. मुंबई-ठाण्याच्या हौशी मंडळींत फिरणारी रेडियन बहुतेक एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली असतात. फेब्रुवारी 2022मध्ये केंद्र सरकारने तयार आणि सुट्या संचांतील ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली व फक्त घटकांना मुभा ठेवली. तेव्हापासून परदेशी बनावटीचे अख्खे मॉडेल मागवणे बेभरवशाचे झाले आहे, त्यामुळे जुने ग्लायडर नीट राखणे हाच शहाणा मार्ग उरतो. अशाच एका जुन्या रेडियनविषयीचे हे परीक्षण आहे.

मूळ रचना अगदी साधी आहे. साधारण 850 ग्रॅम वजनाचे फोमचे अंग, नाकाशी 480 आकाराची 960 केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला 960 फेरे घेणारी) ब्रशलेस मोटर, घडी होणारा पंखा आणि तीन सेलची 1300 एमएएचची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी, एवढाच संसार. हलणारे पृष्ठभाग दोनच, शेपटीवरचे रडर (डावी-उजवीकडे वळवणारे) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे). पंखांच्या मागच्या कडेला बसून विमान कलवणारे एलेरॉन नाहीत. पंखांची टोके दोन टप्प्यांत वर वळलेली असल्यामुळे रडर दिला की विमान आपसूक कलते आणि रुंद, आळसावलेले वळण घेते. अर्धा मिनिट मोटर लावून उंची गाठावी आणि थ्रॉटल खाली आणावा, की पंख्याची पाती मागे मिटून नाकाला चिकटतात आणि मोटरचा आवाज एकदम थांबतो. रेडियनचा खरा आनंद इथून सुरू होतो. हलकेपणामुळे ते उगवत्या थर्मललाही (तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या झोतालाही) दाद देते. शेजारी घार गिरक्या घेत असेल तर तिच्या वर्तुळात शिरावे, अंदाज सहसा चुकत नाही. याच हलकेपणामुळे वाऱ्यापुढे मात्र त्याचे फारसे चालत नाही. दुपारी समुद्रावरून पश्चिमेचा वारा आत शिरला की ते पुढे सरकण्याऐवजी जागच्या जागी तरंगते, म्हणून उन्ह तापू लागल्यापासून वारा वाढेपर्यंतची सकाळ हीच त्याची वेळ.

निगेचा विचार फोमपासून सुरू करावा लागतो. नाक जमिनीवर आपटले की फोमचे मणी दबतात आणि तिथे सुरकुती पडते. अशा जागी चहाच्या किटलीतून उकळते पाणी सावकाश धार धरून सोडले तर दबलेले मणी पुन्हा फुगतात आणि बराचसा मूळ आकार परत येतो. त्याआधी रिसीव्हर (रेडिओचे संकेत घेणारा भाग), बॅटरी आणि सर्व्हो (रडर-एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी) बाहेर काढणे अर्थातच आवश्यक. तडा गेला असेल तर फेविक्विक पुरते. साधा थर्माकोल या गोंदाने विरघळतो, रेडियनचा फोम विरघळत नाही. फक्त थर पातळ हवा आणि दाब धरून ठेवायला हवा, नाहीतर सांध्यावर काचेसारखा कडक पापुद्रा धरतो आणि पुढच्या धक्क्याला त्याच्या कडेनेच नवा तडा जातो. उन्हात उभ्या, काचा बंद असलेल्या गाडीत पंख ठेवू नयेत. तापलेला फोम पीळ धरतो, आणि पंखात आलेला पीळ ट्रिमने (रेडिओवरच्या बारीक दुरुस्तीने) झाकता येतो, जात नाही. अतिनील किरणांमुळे पिवळा पडलेला फोम दिसायला वाईट असला तरी उडण्याला विशेष बाध येत नाही. पृष्ठभाग बोटाने चोळल्यावर भुकटी निघू लागली तर मात्र काळजी करावी.

मुंबईच्या पावसाळ्यात फोमपेक्षा त्याच्या पोटातले सामान लवकर बिघडते. खाऱ्या, दमट हवेत मोटरच्या बेअरिंगला गंज चढतो, सर्व्होच्या आतला संपर्क खराब होऊन रडर उगाच थरथरू लागतो आणि रिसीव्हरच्या पिना काळ्या पडतात. जून ते सप्टेंबर विमान बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावे आणि लायपो प्रत्येक सेलला 3.8 व्होल्टच्या आसपास आणून वेगळी ठेवावी. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन् महिने पडून राहिली की फुगते. शहरातल्या एका दुकानातून मागवलेली नवी बॅटरी पाकीट फोडतानाच किंचित उशीसारखी हाताला लागली होती. ती बदलून मिळाली, पण बराच पत्रव्यवहार झाल्यानंतर. म्हणून बॅटरी शक्यतो समोर बसून, सेलचे व्होल्टेज मोजूनच घ्यावी. कनेक्टर, सिलिकॉन वायर, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) यांसाठी मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार पुरेसा आहे. तिथे सर्व्होच्या विस्तारतारा हव्या त्या लांबीच्या करून मिळतात.

आता बदलांविषयी. रेडियनचे पंख पोकळ जोडनळीवर बसतात आणि नळी जिथे संपते तिथून पुढे ते डोळ्यांना दिसतील इतके वाकतात. सावकाश तरंगण्यापुरते हे ठीक आहे, पण थर्मलमधून सुटण्यासाठी नाक खाली घालून वेग घेतला आणि एलिव्हेटर झटक्याने ओढला तर पंखावर नको तेवढा ताण येतो. पंखाच्या खालच्या अंगाला धारदार ब्लेडने खाच पाडून तीत कार्बनची चपटी पट्टी बसवणे हा सर्वांत उपयुक्त बदल ठरतो. वजनात अगदी थोडी भर पडते आणि ग्लायडर वेगात बरेच खंबीर होते.

दुसरा बदल स्पॉयलरचा, म्हणजे उघडल्यावर विमानाला खाली बसवणाऱ्या पंखावरच्या झडपांचा, आणि कोकण-ठाण्याकडच्या भातखाचरांत उतरणाऱ्यांनी तो मनावर घ्यावाच. जमिनीजवळ आल्यावर रेडियन उतरायचे नाव घेत नाही. हातभर उंचीवरून ते तरंगत राहते आणि खाचर संपून बांध समोर येतो. दोन्ही पंखांच्या वरच्या अंगाला बाल्साच्या लहान झडपा टेपच्या बिजागरीने बसवून, प्रत्येकीखाली 5 ग्रॅमचा सर्व्हो देऊन, दोन्ही सर्व्हो वाय-तारेने रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनलला जोडले की काम होते. झडपा उघडल्यावर नाकाचा कल बदलतो. तो पुरेशा उंचीवर आधी पाहून रेडिओमध्ये एलिव्हेटरचे मिक्सिंग (झडपांबरोबर एलिव्हेटर आपोआप हलण्याची सोय) द्यावे.

एलेरॉन बसवण्याच्या खटाटोपात मात्र पडू नये. या पंखाची सारी गंमत वर वळलेल्या टोकांत आहे. त्यात एलेरॉन घातले तर वळण ना रडरचे राहते ना एलेरॉनचे, आणि वजन वाढते ते वेगळेच. 1300 ऐवजी 2200 एमएएचची बॅटरी घालण्याचा मोहही आवरावा. त्यामुळे साधारण 60-70 ग्रॅम वाढतात, गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि ज्या मंद थर्मलसाठी हे ग्लायडर घ्यायचे, तेच हातचे सुटतात.

उंची सांगणारा आणि चढत्या हवेत सूर चढवणारा व्हेरिओ ही चैन वाटेल, पण आपल्याकडे ती गरज आहे. परदेशातील उंचीमर्यादित स्पर्धांत मोटर 200 मीटरवर किंवा 30 सेकंदांनी बंद करण्याची पद्धत आहे. आपल्याकडे 2021च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रातही (जिथे उडवायला वेगळी परवानगी लागत नाही) कमाल उंची 400 फूट, म्हणजे सुमारे 120 मीटर आहे, आणि 2 मीटरचा पंख त्याहून खूप वर गेला तरी खालून जवळच भासतो. खुद्द मुंबईत तर प्रश्नच मिटला. विमानतळाभोवतीचे क्षेत्र आणि रिमोटवर चालणाऱ्या विमानांवर पोलिसांचे वेळोवेळी निघणारे मनाई आदेश पाहता शिवाजी पार्क किंवा आरेच्या माळाचा विचार डोक्यातून काढून टाकावा. ‘डिजिटल स्काय’ हा ड्रोन-क्षेत्रे दाखवणारा सरकारी नकाशा पाहून मुरबाड-कर्जतच्या बाजूला, भात कापून झालेल्या शेतात, मालकाला विचारून उडवावे. कोरडी, तापलेली खाचरे थर्मलसाठी उत्तम असतात.

जुने रेडियन विकत घेताना रंगरूपाकडे पाहू नये. मोटरचा दांडा बोटाने फिरवून खरखर लागते का, पंख्याच्या मुळाशी बारीक चीर आहे का, नाकातील मोटरचा आधार हलतो का, हे आधी पाहावे. मग दोन्ही पंख जोडून, लांब उभे राहून शेपटीकडून नजर लावावी. पीळ असेल तर तो याच ठिकाणाहून दिसतो. हे सर्व ठीक असून बॅटरी आणि सर्व्हो गेलेले असतील तर निःशंक घ्यावे, कारण ते कुठेही मिळतात. पंखाला पीळ असेल तर विकणाऱ्याने किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नये.