व्हेनेटोक्लॅक्स: थांबलेली पानगळ सुरू करणारी गोळी

शरीरातल्या नकोशा पेशी ठरल्याप्रमाणे स्वतःहून मरतात, आणि या मरणाला केर, वायली व करी यांनी १९७२ साली पानगळीच्या ग्रीक शब्दावरून ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात हीच पानगळ अडलेली असते, कारण बीसीएल-२ नावाचे प्रथिन मृत्यूचा निरोप नेणाऱ्या प्रथिनांना पकडून ठेवते आणि पेशी मरायच्या राहून जातात. व्हेनेटोक्लॅक्स त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते; पकडलेली प्रथिने सुटतात, मायटोकाँड्रिया या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या आवरणाला छिद्रे पडतात आणि कॅस्पेज नावाची विकरे पेशी आतून मोडून काढतात.

या औषधाचे खरे मोल मला इथे वाटते. नेहमीची केमोथेरपी डीएनएला इजा करून बहुतांशी पी५३ या जनुकामार्फत पेशीला मरायला लावते, पण ज्या रुग्णांत १७व्या गुणसूत्राच्या तुकड्याबरोबर ते जनुकच गळालेले असते, त्यांच्यात ती फारशी चालत नाही. ही गोळी पी५३ला वळसा घालते, आणि अमेरिकेत एप्रिल २०१६मध्ये तिला पहिली मान्यता मिळाली तीही अशाच रुग्णांसाठी.

तिची ताकद सुरुवातीच्या वेळापत्रकावरून कळते: रोज २० मिलिग्रॅम, मग दर आठवड्याला वाढवत ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यात ४००. एकदम पूर्ण मात्रा दिल्यास एवढ्या पेशी एकाच वेळी फुटू शकतात की त्यांतले पोटॅशियम आणि युरिक ॲसिड रक्तात उतरून मूत्रपिंडे व हृदय धोक्यात येतात. म्हणून भरपूर पाणी आणि वरचेवर रक्ततपासणी यांत हयगय चालत नाही. गोळी जेवणासोबत घ्यायची असते. ग्रेपफ्रूट वर्ज्य आहे; ते आपल्याकडे क्वचितच खाल्ले जाते, पण कमरखही वर्ज्य आहे, हे आंबटगोड फळांच्या शौकिनांना आवर्जून सांगायला हवे.

हिच्या आधीचे नॅव्हिटोक्लॅक्स हे औषध प्लेटलेटना जगवणाऱ्या बीसीएल-एक्सएल या बीसीएल-२च्या भावंड-प्रथिनालाही अडवत असल्याने प्लेटलेट घटवत असे. तो दोष इथे बराच टळला आहे. पांढऱ्या पेशी मात्र कमी होतात. ओबिनुटुझुमॅब या प्रतिपिंड-औषधाच्या जोडीने घेतल्यास १२ महिन्यांनी उपचार थांबवता येतो, ही सोय मोठी आहे.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो प्रतिकारामुळे: काही रुग्णांत दीर्घ वापरानंतर बीसीएल-२मध्ये जी१०१व्ही हा बदल होतो, खाचेत गोळी नीट बसेनाशी होते आणि पेशी पुन्हा मरण चुकवू लागतात.