डोळ्यातलं फूल ‘विरघळवणारे’ थेंब: देवगड-कणकवलीकडच्यांनी जरूर वाचा

आमच्या घरात डोळ्यांचं दुखणं पिढीजात आहे. आजीला होतं, बाबांना आहे, तिशीनंतर भावालाही सुरू झालं. पहाटे डोळा उघडताना कळ येते, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. बाबा म्हणतात, “डोळ्यांत रेव गेलीशी वाटता.” चार दिवसांनी शांत होतं, पण बुबुळावरचा धुरकटपणा वर्षागणिक वाढत जातो. गावात याला फूल पडणं म्हणतात. आजीच्या वेळी देवळात गाऱ्हाणं घालून झालं. भावाचं लग्न व्हायचं होतं म्हणून आम्ही ही गोष्ट कुणाजवळ बोललो नाही, आणि त्यामुळेच सापडलो असं मला वाटतं.

मागच्या जूनमध्ये, आंब्याचे पैसे नुकतेच हातात आले असताना, एका हॉलमध्ये ‘नेत्र शिबिर’ लागलं. पांढऱ्या कोटातल्या माणसाने बॅटरी मारून बाबांचा डोळा पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “घरात आणखी कुणाला आहे?” केवढा जाणकार, असं वाटलं तेव्हा. सगळी वंशावळ आम्हीच त्याच्या पुढ्यात ठेवली. मग तो म्हणाला, दोष रक्तातला आहे, अख्ख्या घराने थेंब घातले तरच फूल विरघळेल. बाबा, भाऊ, मी आणि माझी ११ वर्षांची मुलगी. माणशी ९,५०० रुपये. पावती मागितली तर म्हणे, शिबिराच्या दरात पावती नसते.

बाटल्या बोटाएवढ्या. लेबल खरवडून काढलेलं, उरलेल्या डिंकाला धूळ चिकटलेली, वर पट्टीवर पेनाने लिहिलेले आकडे. मुलीने डोळे चुरचुरतात म्हणून चौथ्या दिवशीच नकार दिला, माझेही मग राहून गेले. बाबांना मात्र आठवड्यात आराम पडला. लाली गेली, कळ गेली. म्हणून आणखी दोनदा कुरिअरने मागवले. दिवाळीत उंबऱ्याच्या कडेला ठेवलेली पणती बाबांना दिसली नाही, पाय लागून ती लवंडली. समोरचं दिसत होतं, बाजूचं दिसत नव्हतं.

कणकवलीहून गाडी धरून मुंबईला कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या (पारपटलाच्या) तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्लिट लॅम्प या डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकातून बाबांचं बुबुळ मला पडद्यावर दाखवलं. काचेला बारीक तडे जावेत तशा फांद्या फुटलेल्या रेषा. याला लॅटिस डिस्ट्रॉफी म्हणतात. पाचव्या गुणसूत्रावरच्या टीजीएफबीआय नावाच्या जनुकातल्या दोषामुळे पारपटलात प्रथिनाचे कण साचतात. आई किंवा वडील, एकाला असलं तरी प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. ते कण विरघळवणारे थेंब जगात कुठेही नाहीत. माझं पारपटल चाळिशीतही स्वच्छ आहे, म्हणजे माझ्याकडून मुलीला हे जाण्याची भीती जवळजवळ नाहीच. तिच्या नावाचे पैसे शिबिरातल्या त्या माणसाने निव्वळ आमच्या भीतीचे घेतले.

थेंब होते स्टेरॉइडचे. एका बाटलीवर लेबलाची चिंधी राहिली होती, तिच्यावरून कळलं. स्टेरॉइडने लाली आणि दुखणं दबतं, पण महिनोन् महिने घातलं तर डोळ्यातला दाब चढू शकतो. साधारण १० ते २१ असायला हवा तो बाबांचा ३४ होता. काचबिंदू, म्हणजे दाबाने डोळ्यामागची नस सुकत जाणं. पारपटल धूसर झालं तर नेत्रदानातून आलेलं बसवता येतं. पण ही नस सुकली की तिला उपाय नाही. बाबांची ती बाजूची नजर परत येणार नाही, हे ऐकताना भाऊ खुर्चीवरून उठून बाहेर गेला.

या आजारावर खरे इलाज आहेत, पण पायरीपायरीचे. ओलावा देणारे थेंब, कळ आली की पट्टीसारखी लेन्स, वरच्या थरातले डाग लेसरने घासणं आणि शेवटी पारपटल बदलणं. त्यावरही काही वर्षांनी कण परत येतात, आणि हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. चष्मा घालवायचं लेसर मात्र आमच्यासारख्या घरातल्यांनी करूच नये, डाग वाढू शकतात.

त्या माणसाचा फोन बंद आहे. हॉलवाल्याकडे भाड्यापलीकडे काही नाही. अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिला आहे. दोन बाटल्या पुरावा म्हणून जपून ठेवल्यात. तुमच्या घरी अशी लेबल खरवडलेली बाटली असेल तर फेकू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि या आठवड्यातच डोळ्याचा दाब मोजून घ्या. दुखत नाही म्हणून थांबू नका, बाबांनाही दुखत नव्हतं.