पावडर टॉय, सात महिन्यांनंतर: सगळं आहे, शिट्टी नाही

जूनमध्ये आमच्या घरचा कुकर रुसला नसता तर हे लिहायची वेळ आली नसती. रिंग सैल झाली होती. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत बाहेर, आणि शिट्टी काही होईना. जांभळी नाक्यावरून ९० रुपयांची रिंग आणली आणि त्याच रात्री, हट्टाने, पावडर टॉय या कॉम्प्युटर गेममध्ये, जिथे पाणी, वाफ, धातू असे पदार्थ कणाकणाने मांडून बघायचे, तसाच कुकर बांधायला घेतला. घरचा कुकर दुसऱ्या दिवसापासून शिट्ट्या देतोय. स्क्रीनवरच्याचं रडगाणं पुढे वाचा.

गेम काय आहे हे याहून जास्त सांगत बसत नाही, ज्याला किडा आहे त्याला माहीत असतंच. फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि माझ्या नऊ वर्षं जुन्या लॅपटॉपवर चालतो. नव्या लॅपटॉपचा विषय घरात निघाला की फ्रिजचा विषय निघतो, त्यामुळे माझ्या दृष्टीने निम्मे मार्क इथेच मिळाले. स्क्रीनभर वाफ झाली की ६० फ्रेमचे २५ होतात आणि पंखा मिक्सरसारखा ओरडतो, पण तो दोष लॅपटॉपचा.

मला जिंकलं ते एका बारीक गोष्टीने. गेममध्ये पाणी १०० अंशाला उकळतं, पण भोवतीचा दाब वाढला की उत्कलनबिंदूही वर सरकतो, दाबाच्या एका एककाला २ अंश. म्हणजे दाब १० झाला की पाणी १२० ला उकळणार. घरच्या कुकरचंही तेच गणित आहे: बाहेरच्या हवेपेक्षा आणखी एका वातावरणाएवढा दाब चढला की आतलं पाणी १२० च्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. वाळू आणि आग उधळायच्या खेळण्यात कोणीतरी बसून ही ओळ लिहिली. त्या माणसाला आमच्याकडे कधीही वरणभात.

भांडं टायटॅनियमचं केलं, कारण ते हवेचा दाब अडवतं. वाफ स्वतःच दाब वाढवते. दाब मोजायला प्रेशर सेन्सर, त्याचं तापमान १० ठेवलं की दाब १० च्या वर गेल्यावर तो शेजारच्या धातूला स्पार्क, म्हणजे विजेचा झटका, देतो. इथपर्यंत झकास.

अडलं ते शिट्टीपाशी.

या गेममध्ये बटणावर चालणाऱ्या वस्तूंची एक भावकीच आहे. वीज अडवायला-सोडायला स्विच, उष्णतेसाठी हीट स्विच, कण तयार करायला पॉवर्ड क्लोन, गिळायला पॉवर्ड व्हॉइड, वाहायला पॉवर्ड पाइप, दाब तयार करायला पंप. गेममध्ये वीज वाहणारे पी सिलिकॉन आणि एन सिलिकॉन असे दोन पदार्थ आहेत, आणि सगळ्यांची रीत एकच: पी सिलिकॉनमधून स्पार्क आला की चालू, एन सिलिकॉनमधून आला की बंद, आणि पुढचा स्पार्क येईपर्यंत आहे त्याच अवस्थेत. एका कणाला चालू केलं की शेजारचे भाऊबंदही चालू. मग दाब अडवायला-सोडायला याच रीतीचा पदार्थ का नाही? टायटॅनियम कायमचं बंद. त्याला स्विच नाही.

आहे ती ई-वॉल, विजेवर उघडणारी भिंत. मी वागळे इस्टेटमध्ये मेंटेनन्सला आहे, तर आमच्या भाषेत सांगतो: ई-वॉल म्हणजे साधा एनसी सॉलेनॉइड व्हॉल्व्ह. कॉइलला करंट आहे तोवर उघडा, करंट गेला की बंद. मला हवा होता लॅचिंग व्हॉल्व्ह, एक पल्स दिली की उघडून तसाच राहणारा. शिवाय ई-वॉल उघडली की सगळंच आरपार जातं, दाबही आणि पाणीही. पहिल्याच चाचणीत माझ्या कुकरने एक शिट्टी दिली आणि रिकामा झाला. बायको मागून बघत होती. म्हणाली, “अहो, आपल्या कुकरमधूनही वरणाचं पाणी उडतंच की, ओटा कोण पुसतं?”

तर गेम बनवणाऱ्यांकडे माझी मागणी अशी. नवा पदार्थ, बंद असताना टायटॅनियमसारखा दाब अडवणारा, चालू असताना दाब सोडणारा. कण मात्र दोन्ही वेळा अडवायचे. दाब १० वरून एकदम शून्यावर आला की उत्कलनबिंदू परत १०० ला येईल, आणि ११५ अंशाचं शांत बसलेलं पाणी भडाभडा उकळेल. कुकरची शिट्टी घाईने चमच्याने उचलणाऱ्याने हे पाहिलेलं असतं. एक अडचण मला आधीच दिसते: कण ६१२ बाय ३८४ च्या जाळीत फिरतात, पण हवा ४ बाय ४ च्या चौकटींत मोजली जाते, म्हणजे १५३ बाय ९६ चौकटी. एका चौकटीत अर्धे कण चालू आणि अर्धे बंद असले तर? माझं मत, एकही बंद असेल तर चौकट बंद. व्हॉल्व्ह संशय आला की बंदच बरा.

एवढं लिहून मी खूश होतो. मग रविवारी ऐरोलीहून भाचा आला. दहावीचा अभ्यास इकडे करायचा असं ठरलं होतं. त्याने स्क्रीन बघितली आणि म्हणाला, “मामा, ई-वॉलच्या आत फक्त गॅस जाऊ देणारी भिंत लाव ना. पाणी अडेल, वाफ जाईल. आणि उघडी ठेवायची तर बॅटरी आणि मध्ये स्विच.” दहा मिनिटांत कुकरने शिट्टी दिली. पाणी आत, वाफ बाहेर, खऱ्यासारखं. माझे साडेतीन महिने.

म्हणून वर जे ठणकावून लिहिलंय ते थोडं मागे घेतो. गेममध्ये शिट्टी करता येते, शीर्षक बदलत नाही एवढंच. मलाच भिंतींचा विभाग नीट माहीत नव्हता. पिस्टनने टायटॅनियमची पट्टी सरकवूनही दाबाचं दार होतं, तेही त्यानेच दाखवलं. लुआ स्क्रिप्टने, म्हणजे लुआ भाषेत छोटा प्रोग्राम लिहून, आपल्यापुरता पदार्थही बनवता येतो, पण सेव्ह केलेला कुकर दुसऱ्याने उघडला की त्याच्याकडे स्क्रिप्ट नसते, म्हणजे ती घरची वरात.

तरी मागणी सोडलेली नाही. पिस्टनला कुकरच्या निम्मी जागा लागते. आणि भिंत म्हणजे भिंत: तिला तापमान नाही, ती वितळत नाही, फुटत नाही, ४ बाय ४ पेक्षा बारीक होत नाही. खऱ्या कुकरच्या झाकणात सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, शिट्टी तुंबली आणि आत जास्तच तापलं की तो वितळून वाट करून देतो. माझा पदार्थ कणांचा असेल तर त्यालाही वितळणबिंदू देता येईल. टायटॅनियम १६६८ अंशाला वितळतं, याला खूप खाली ठेवा. मग स्विच अडकला तरी कुकर कुठे फुटायचा ते ठरवता येईल. भिंतींच्या कुकरला फुटताच येत नाही, आणि जो फुटू शकत नाही त्याच्याशेजारी उभं राहायला भीती कसली?

नाव ठरत नाहीये. नियमाने ‘पॉवर्ड टायटॅनियम’, चार अक्षरांत पीटीटीएन. पण प्लॅटिनम पीटीएनएम नावाने आधीच बसलंय, लोक घोळ करणार. मी एसआयटीआय सुचवलं, शिट्टीची ‘सीटी’. भाचा म्हणाला, “मामा, प्लीज, माझ्या अकाउंटवरून नको टाकूस.”