जुनी होंडा जॅझ घेताना: आठ प्लग, ओली डिकी आणि सीव्हीटीचा थरथराट

बेताच्या पैशांत घरची सगळी कामं उरकणारी सेकंडहँड गाडी शोधत असाल, तर पहिल्या पिढीची होंडा जॅझ जरूर बघावी. 2001 मध्ये ती जपानमध्ये ‘फिट’ नावाने आली आणि पुढच्या वर्षी युरोपात ‘जॅझ’ म्हणून. 2008 च्या सुमारास तिची जागा दुसऱ्या पिढीने घेतली. म्हणजे आज विकायला असलेली प्रत्येक गाडी पंधरा वर्षांच्या पुढची आहे. या वयात किलोमीटरच्या आकड्यावर भाळू नका. दोन लाख किलोमीटर चाललेली, पण वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी ही साठ हजार चालून वर्षानुवर्षं उभी राहिलेल्या गाडीपेक्षा कधीही बरी.

ही गाडी घ्यायचं मुख्य कारण म्हणजे आतली जागा. लांबी जेमतेम 3.83 मीटर, पण 42 लिटरची पेट्रोल टाकी मागच्या सीटखाली न ठेवता पुढच्या सीटखाली बसवली आहे. त्यामुळे मागची सीट दुमडली की ती जमिनीत बसते आणि जवळपास सपाट मजला मिळतो. शिवाय मागच्या सीटची बैठक थिएटरच्या खुर्चीसारखी वर उचलता येते. उंच कुंडी, छोटं कपाट, पुढचं चाक काढलेली सायकल अशा वस्तू तिथे उभ्या राहतात. या आकाराच्या दुसऱ्या गाड्यांत ही सोय क्वचित मिळते. बघायला गेल्यावर दोन्ही बाजूंच्या सीट स्वतः दुमडून आणि उचलून बघा. खटका नीट बसत नसेल तर सीट चालत्या गाडीत हलते.

बहुतेक गाड्यांत 1339 सीसीचं आय-डीएसआय इंजिन आहे. ‘डीएसआय’ म्हणजे दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. एकूण आठ प्लग आणि त्यांना ठिणगीची वीज देणाऱ्या आठ कॉइल. त्याच काळातल्या होंडा सिटीतल्या आय-डीएसआय इंजिनाचीही हीच रचना. पुढचे चार प्लग बॉनेट उघडल्यावर लगेच हाताशी येतात. मागचे चार वायपरखालच्या पॅनेलच्या आड असतात आणि तिथवर पोहोचायला ते पॅनेल सोडवावं लागतं. म्हणून घाईतला मेकॅनिक पुढचे चारच बदलतो आणि बिल ‘प्लग बदलले’ असं बनवतो. बिलावर प्लगची संख्या वाचा, चार असेल तर काम अर्धंच झालं आहे. मागची एखादी कॉइल गेली तरी दुसऱ्या प्लगवर तो सिलिंडर चालत राहतो, त्यामुळे बिघाड लपतो. तो सापडतो कमी वेगात: तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये 1500 ते 2000 आरपीएमवर हळूच अ‍ॅक्सिलरेटर द्या. गाडी बारीक झटके देत उचलत असेल तर आधी कॉइल तपासायला सांगा. हे किरकोळ दुरुस्तीचं काम आहे, गाडी नाकारायचं कारण नव्हे. किंमत कमी करून घ्यायचं कारण मात्र आहे.

या इंजिनात टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, म्हणून ती ठरावीक अंतराला बदलावी लागत नाही. पण ऑइलकडे दुर्लक्ष झालं की चेन सैल पडते. यासाठी गाडी थंड असतानाच बघायला जा. विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवली असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. सुरू होताच इंजिनाच्या चेनच्या बाजूने खडखड आली आणि काही सेकंद टिकली, तर ती गाडी सोडा.

सगळ्यात जास्त विचार गिअरबॉक्सचा करा. पाच गिअरची मॅन्युअल घ्या, हे आमचं स्पष्ट मत. तिचा एकच ठराविक दोष: आतल्या शाफ्टचं बेअरिंग झिजतं. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा, घरघर ऐका आणि क्लच पूर्ण दाबा. आवाज थांबला तर बेअरिंग संपत आलं आहे आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंगचा (क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा) संशय धरा.

सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, वाईट नाही, पण तिची निगा अनेकांनी राखलेली नसते. या पिढीच्या सीव्हीटीत टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद द्रवातून गिअरबॉक्सला देणारा भाग) नाही. गाडी सुटते ती ऑइलमध्ये बुडालेल्या स्टार्ट क्लचवर. ऑइल जुनं झालं की हा क्लच धरता-सोडता थरथरतो. तपासणी हलक्या चढावर करा. गाडी गरम झाल्यावर ब्रेक सोडून अगदी सावकाश निघा, मग रिव्हर्समध्येही तेच करा. थरथर जाणवली, तर होंडाचंच सीव्हीटी ऑइल घालून कधीकधी फरक पडतो, पण ‘ऑइल बदललं की ठीक होईल’ या भरवशावर पैसे मोजू नका. बदलल्याचा लेखी पुरावा नसेल तर सीव्हीटी घेऊच नका.

डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीचा खड्डा हाताने चाचपा. मागच्या लाइटच्या रबरातून आणि पत्र्याच्या जोडांतून पाणी झिरपणं ही या गाडीची जुनी खोड आहे. रबर बदलणं सोपं, पण पाणी बरीच वर्षं साचलं असेल तर खड्ड्याचा पत्रा गंजलेला सापडेल.

सस्पेन्शन साधं आहे, भाग सहज मिळतात. टायर कधी बनला ते कळायला त्याच्या बाजूवरच्या DOT कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा.

आणखी एक गोष्ट अजिबात टाळू नका. ड्रायव्हरच्या दारावरच्या, काच वर-खाली करणाऱ्या स्विचमध्ये पाणी शिरून आग लागण्याच्या धोक्यामुळे 2010 मध्ये या गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचा प्रश्न होंडाच्या अनेक गाड्यांना आहे. चेसिस नंबर देऊन होंडाकडे दोन्ही कामं झाल्याची खात्री करा. एअरबॅगचं काम बाकी असेल, तर ते होईपर्यंत गाडी चालवू नका.

ठरवलेल्या पैशांपैकी आठवा हिस्सा बाजूला ठेवा. गाडी घरी आल्यावर आधी इंजिन ऑइल आणि फिल्टर, मग आठही प्लग, मग कूलंट आणि ब्रेक ऑइल. व्हॉल्व्हची सेटिंग, म्हणजे त्यांची फट जुळवणं, थंड इंजिनावर करून घ्या. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आवळत गेले, म्हणजे फट कमी होत गेली, तर आवाज वाढत नाही, उलट कमी होतो, आणि व्हॉल्व्ह जळेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.