विद्यापीठांची विस्तार सेवा: माल चांगला, पण दुकान कधी उघडे ते पाहून जा

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही राज्यातली चार कृषी विद्यापीठे, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रे (केव्हीके). संशोधन शेतकऱ्यापर्यंत नेणाऱ्या या साऱ्या विस्तार सेवेला सरसकट एकच गुण देणे चुकीचे ठरेल. बियाणे, जैविक निविष्ठा, माती परीक्षण, हवामान सल्ला, प्रात्यक्षिके या प्रत्येकाचा पैसा वेगळ्या वाटेने येतो. म्हणून एकाच आवारात एक खिडकी चोख चालते, तर शेजारची महिनोन्‌महिने अडलेली असते.

आधी कारभार कोणाच्या हातात असतो ते पाहू. विद्यापीठाच्या विस्ताराचा प्रमुख म्हणजे विस्तार शिक्षण संचालक. त्याच्या वर कुलगुरू, आणि कुलगुरूंची नेमणूक राज्यपाल कुलपती म्हणून करतात. केव्हीकेचे गणित निराळे. तिथला खर्च भारतीय कृषी संशोधन परिषद देते, तो परिषदेच्या पुण्यातल्या विभागीय (अटारी) कार्यालयामार्फत येतो (गोवा आणि गुजरातही याच कार्यालयाकडे), आणि केंद्र चालवते यजमान संस्था. ही संस्था कुठे विद्यापीठ असते, तर बारामती, बाभळेश्वर, खरपुडीसारख्या ठिकाणी विश्वस्त मंडळ. मंजूर पदे १६: एक प्रमुख, सहा विषय विशेषज्ञ, तीन कार्यक्रम सहायक, बाकी कार्यालय, चालक आणि मदतनीस. प्रत्यक्षात किती भरली आहेत, हा पहिला प्रश्न. उद्यानविद्येचा माणूस नसेल तर डाळिंबावरच्या तेल्या रोगाबद्दल तिथे पीक संरक्षणवाला उत्तर देईल. उत्तर चुकीचे नसेल, पण छाटणी आणि बहार धरण्याचे वेळापत्रक त्यात येणार नाही.

दुसरा प्रश्न प्रमुखाचा. कायम प्रमुख असेल तर खरेदी, निविदा, गावांची निवड वेळेवर उरकते. अतिरिक्त कार्यभारावरचा प्रमुख बहुधा रोजच्या सह्या करतो आणि नव्या कामाला हात लावत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, उद्या कायम माणूस आला की हिशेब यालाच द्यायचा असतो. संस्थांच्या केव्हीकेंमध्ये प्रमुख अनेक वर्षे टिकतो ही जमेची बाजू. मात्र तिथल्या कर्मचाऱ्यांची वेतन आणि निवृत्तिवेतन समान करण्याची मागणी जुनी आहे, आणि तरुण विशेषज्ञ विद्यापीठात जागा निघाली की जातात.

आता पैशाचे वेळापत्रक. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि खरिपाची तयारीही तेव्हाच. अनुदानाचा पहिला हप्ता लांबला की प्रात्यक्षिकाचे बियाणे जूनच्या पहिल्या आठवड्यात हातात येत नाही, आणि मग पेरणी झाल्यावर पिशवी येते. उलट फेब्रुवारी-मार्चमध्ये निधी संपवायचा असल्याने प्रशिक्षणांची गर्दी उसळते. प्रशिक्षण हवे असेल तर तेव्हा जा, जागा सहज मिळते. प्रात्यक्षिक हवे असेल तर जानेवारीतच नाव द्या, कारण पुढच्या वर्षाचा कृती आराखडा ठरण्याआधीच गाव यादीत बसावे लागते. केव्हीकेच्या शास्त्रीय सल्लागार समितीच्या बैठकीत शेतकरी प्रतिनिधी असतात, त्यांच्यामार्फत विषय घुसवता येतो. कडधान्य-तेलबियांचे प्रात्यक्षिक साधारण एका शेतकऱ्याकडे ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकर असते. त्याच्या शेजारी तेवढाच तुकडा आपल्या नेहमीच्या पद्धतीने ठेवला नाही, तर तुलना कशाशी करणार?

बियाणे विक्री हा या सेवेचा सर्वांत भक्कम भाग, कारण विक्रीचा पैसा फिरत्या निधीत जाऊन पुढच्या हंगामाला लागतो आणि दिल्लीच्या हप्त्यावर अडत नाही. हे बियाणे मिळणारा परभणीचा खरीप मेळावा १८ मे रोजी, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, आणि रब्बीचा १७ सप्टेंबरला असतो. वाण निवडताना नावापेक्षा कालावधी पाहा. राहुरीचा सोयाबीनचा वाण फुले संगम (केडीएस ७२६) तांबेरा रोगाला सहनशील, पण १०० ते १०५ दिवसांचा. सांगली-कोल्हापूरच्या भारी जमिनीत तो शोभतो. हलक्या रानात सप्टेंबरचा खंड पडला की शेंगा भरतानाच त्याला ताण बसतो, तिथे लवकर येणारा एमएयूएस ७१ बरा. पिशवी विद्यापीठाची असली तरी उगवण घरी तपासा: ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा, ७० उगवले तर एकरी ३० किलो पुरते. त्याहून कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा. सोयाबीनचा दाणा नाजूक, पोती आपटली तरी उगवण घटते. पेरणी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर, ३ ते ४ सेंमी खोल.

परभणीच्या बायोमिक्स या उपयुक्त सूक्ष्मजीवांच्या मिश्रणासारख्या जैविक निविष्ठांनाही मागणी भरपूर. हळद-आल्याच्या हंगामात साठा आहे का, हे विचारून मगच गाडी काढा.

माती परीक्षणात मात्र घोळ असतो. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब हे बहुतेक ठिकाणी होते. जस्त, लोह यांच्यासाठी यंत्राला गॅस आणि दिवे लागतात, निधी संपला की ही तपासणी सर्वांत आधी थांबते. कोणत्या तपासण्या चालू आहेत ते नमुना देण्याआधी विचारा. जस्त ०.६ आणि लोह ४.५ पीपीएमच्या खाली असेल तरच ते खत घाला, असा निर्णय या आकड्यांवरच होतो. मृदापरीक्षक या छोट्या तपासणी संचावर काढलेला अहवाल अंदाजासाठी ठीक, पण फळबाग लावण्याचा निर्णय त्यावर घेऊ नये. नमुना चुकला तर प्रयोगशाळा काय करणार! खत टाकून तीन महिने झालेले असावेत. नागमोडी चालत ८ ते १० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा २० सेंमी खोल खड्डा घ्या, माती एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाका, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा, सावलीत सुकवा. सूक्ष्म अन्नद्रव्ये हवी असतील तर लोखंडी घमेले नको. बांध, शेणखताचा ढीग आणि झाडाची सावली टाळा.

हवामान सल्ल्याचे तर निधी थांबल्याने सरळ नुकसान झाले. देशातल्या १९९ केव्हीकेंमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे सुरू होती, तालुकावार सल्ला देत होती. २०२४ च्या सुरुवातीला ती बंद करण्याचा आदेश निघाला. आता विद्यापीठांच्या केंद्रांतून मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचे पत्रक येते. सोलापूरसारख्या जिल्ह्यात एका टोकाला कोरडे आणि दुसऱ्याला मुसळधार असते, तेव्हा जिल्ह्याची सरासरी फवारणी ठरवायला अपुरी. पत्रकातला पाऊस आपल्या महसूल मंडळाच्या नोंदींशी ताडून पाहा.

मे-जून २०२५ च्या विकसित कृषी संकल्प अभियानात शास्त्रज्ञ २९ मे ते १२ जून गावोगाव फिरले. शंका विचारायला ती संधी उत्तम होती, फक्त त्याच पंधरवड्यात केंद्रावरची खुर्ची रिकामी होती. पेरणीच्या तोंडावर केव्हीकेला जायचे असेल तर आधी फोनवर तीनच गोष्टी विचारा: आपल्या पिकाचा विशेषज्ञ आज हजर आहे का, बियाण्याची पावती कुठे फाडतात आणि माती तपासणीत सूक्ष्म अन्नद्रव्ये होतात का. प्रश्न रोगाचा असेल तर सकाळीच जा. मुळासकट उपटलेले, निरोगी आणि रोगट अशी दोन झाडे कागदात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत झाड घामेजून कुजते आणि मग बुरशी शेतातली की पिशवीतली, हे कोणालाच सांगता येत नाही.